पाटीवर साडेदहा, किचनमध्ये दहा

एकाच जेवणाबद्दल दुसऱ्या दिवशी सकाळी मालकाकडे दोन तक्रारी आल्या. पहिली गिऱ्हाइकाची होती: "साडेदहापर्यंत चालू म्हणून सांगतात आणि आत गेल्यावर हाकलायची घाई. आम्ही जेवत असताना शेजारी खुर्च्या उलट्या करून ठेवल्या, बिल न मागता आणून ठेवलं." दुसरी स्टाफची: "दहा वाजून गेल्यावर पाच जण आले, साडेअकराला उठले. घरी जायला कुणाला वाहन मिळालं नाही."

दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. कोणी काही वाढवून सांगितलेलं नाही. हॉटेलात नव्याने लागलेल्या मुलांना शिकवताना मी हे प्रकरण समोर ठेवते ते म्हणूनच. खोटं बोलणारा कोणी सापडला की चर्चा पाच मिनिटांत आटोपते. इथे तो सापडत नाही. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. वेळा मात्र केओटी (किचनला जाणारी ऑर्डरची चिठ्ठी), बिल आणि दारावरच्या कॅमेऱ्याशी ताडून घेतलेल्या आहेत.

त्या संध्याकाळी

कुटुंब पाच जणांचं. नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि नवऱ्याचे आईवडील. हॉटेलात येण्याआधी ते बुटांच्या दुकानात गेले होते, आणि तेही दुकान बंद व्हायच्या दहा मिनिटं आधी. तिथे काय झालं ते पुढे सांगते, कारण माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे.

९.३५ ला नवऱ्याने वाटेतून हॉटेलला फोन केला. "किती वाजेपर्यंत चालू आहे?" काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, "साडेदहा, सर." फोन ठेवला.

१०.०९ ला मंडळी दारात. कॅप्टन, म्हणजे वेटरांचा प्रमुख, आत गल्ला मोजत होता. दाराशी होता नवा वेटर, कामाला लागून जेमतेम दोन महिने झालेला. त्याने हसून "या, या" म्हटलं आणि त्यांना खिडकीजवळचं टेबल दिलं. ती बाजू नुकतीच झाडून झाली होती. मागच्या बाजूला दोन टेबलं अजून जेवत होती आणि तिथे जागाही होती, पण खिडकीपाशी बसायला छान वाटतं, एवढाच त्याचा विचार.

मेनूकार्ड दिलं, पूर्ण. सासऱ्यांनी चष्मा काढून सावकाश वाचलं. १०.१९ ला ऑर्डर सांगितली. वेटर आत गेला, परत आला: यातल्या दोन गोष्टी नाहीत. बदल सांगितला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर: हे होईल, पण ते नाही, फ्रायर बंद केलाय. तिसऱ्या खेपेला नवरा म्हणाला, "मग कार्ड कशाला दिलंत हातात? काय आहे तेवढं सांगा ना." रागाने नव्हे, पण आवाज चढलाच. केओटी निघाली १०.२७ ला. म्हणजे बसल्यापासून अठरा मिनिटं गेली, आणि ती कुणाच्याच कामी आली नाहीत.

जेवण टेबलावर आलं १०.४९ ला. तोवर मागची दोन्ही टेबलं उठली होती. एसी बंद झाला. दोन टेबलांपलीकडे पोछा सुरू झाला, फिनेलचा वास आला. खुर्च्या एकेक करून टेबलांवर उलट्या चढल्या. ११.०२ ला वेटरने बिलाचं फोल्डर आणून टेबलाच्या कडेला ठेवलं. सासरे म्हणाले, "अहो, आम्ही जेवतोय ना अजून?" वेटर काहीच बोलला नाही. त्याला कॅप्टनने पाठवलं होतं, आणि कशासाठी ते सांगितलं नव्हतं.

११.१० ला पैसे दिले. उठले ११.३४ ला. दिवे बंद व्हायला १२.०५ झाले, एरवी सव्वाअकराला होतात.

भिंतीपलीकडे काय चाललं होतं

गिऱ्हाइकाच्या लेखी हॉटेल बंद होणं म्हणजे शटर खाली येणं. किचनमध्ये ते काम त्याच्या पाऊण-एक तास आधीच सुरू होतं, आणि त्यातलं बरंचसं उलटं फिरवता येत नाही. आलेल्या पाच जणांना हे दिसण्याची सोयच नव्हती. मध्ये भिंत होती.

फ्रायरचंच घ्या. तळणीचं तेल साधारण १७५ ते १८० अंश सेल्सिअसवर चालवतात. ते गाळायचं तर आधी गार व्हावं लागतं, आणि गार व्हायला वेळ लागतो. म्हणून शेफ शेवटची तळणी काढली की लगेच फ्रायर बंद करतो. पाटीवरच्या वेळेची वाट बघत बसला, तर तेल गाळायला मध्यरात्र होईल. बंद केलेला फ्रायर पुन्हा तापवायचा म्हणजे तापायचा वेळ एक आणि पुन्हा गार व्हायचा वेळ वेगळा. "फक्त एक प्लेट तळून द्या" या वाक्यामागे ती पूर्ण फेरी असते.

दुसरी गोष्ट उरलेल्या शिजवलेल्या अन्नाची. ते पातेल्यातच ठेवून झाकता येत नाही. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, त्यामुळे तो पट्टा लवकरात लवकर ओलांडायचा असतो. अमेरिकेच्या फूड कोडमध्ये याचा हिशेब स्पष्ट दिला आहे: ५७ अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या चार तासांत. बऱ्याच देशांतल्या व्यावसायिक किचनमध्ये थोड्याफार फरकाने असाच नियम पाळतात. म्हणून दहा वाजता शेफने उरलेलं सगळं उथळ ट्रेमध्ये पसरून गार करायला लावलं होतं. त्यातून पाच जणांपुरतं काढून पुन्हा गरम करायचं म्हणजे नुसतं कढईत टाकून वाफ येईपर्यंत हलवणं नव्हे. आतपर्यंत नीट तापलं पाहिजे. शिवाय गॅस पुन्हा पेटवायचा, एक्झॉस्ट पुन्हा लावायचा, घासून पुसलेला ओटा पुन्हा खराब करायचा.

शेफ त्या रात्री काय बोलला हे स्टाफमधल्या दोघांनी सारखंच सांगितलं. "आत्ता? कोणी बसवलं त्यांना?" एवढंच. आणि एप्रन पुन्हा बांधला.

भांडी घासणाऱ्या मामांबद्दल कोणी विचारत नाही. त्यांच्याकडे सगळ्यात शेवटी काम येतं आणि ते सगळ्यात शेवटी सुटतात. याच मामांवर सकाळी सातला माल उतरवून घ्यायची जबाबदारी होती. १२.०५ ते ७.०० म्हणजे सात तासांनाही पाच मिनिटं कमी, आणि त्यातच जाणं-येणं आणि झोप. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळांबाबतच्या निर्देशात दर चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती हवी असं म्हटलं आहे. त्या मापाने बघितलं तर रोजच्या सव्वाअकराला सुटूनही मामांना पावणेआठ तासच मिळत होते. पाच जणांच्या जेवणाने त्यातले पन्नास मिनिटं गेले हे खरं. बाकीचे सव्वातीन तास मालकाच्या वेळापत्रकाने आधीच खाल्ले होते. मालकांपुढे हा मुद्दा मांडला की ते विषय बदलतात.

तीच माणसं, दुसरं दार

आता बुटांचं दुकान. पाटीवर नऊची वेळ, मंडळी पोचली ८.५० ला. शटर एका बाजूने निम्मं खाली होतं. मागच्या भागातले दिवे मालवलेले. सेल्समन उघडे खोके एकावर एक रचत होता. हे पाहून सुनेने दारातूनच विचारलं, "दादा, बंद करताय का? शाळेचे काळे बूट हवेत, पाच नंबर. एकच जोड, जास्त काढू नका." आतून उत्तर आलं, "या ना, ताई." मुलाला एक जोड घट्ट झाला, त्याच्यापुढच्या नंबरचा बसला. पैसे दिले, नऊ वाजून चार मिनिटांनी बाहेर. चार मिनिटं उशीर झालाच, पण निघताना सेल्समनने मुलाला लेस बांधायची युक्तीही दाखवली.

तेव्हा ही माणसं उद्धट होती, असं म्हणायची सोय उरत नाही. सव्वा तासापूर्वी याच सुनेने बंद होत आलेल्या दुकानात कसं वागावं याचा नमुना दाखवला होता. आत येण्याआधी विचारलं, काय हवं ते नेमकं सांगितलं, किती वेळ घेणार त्याचा अंदाज दिला आणि समोरच्याला "नाही" म्हणायला जागा ठेवली. बारा जोड काढायला लावले असते तर? प्रत्येक जोड आपापल्या खोक्यात, बरोबर नंबरच्या, बरोबर रांगेत परत जायला हवा. घाईत एक खोका चुकला की सकाळी पहिल्या गिऱ्हाइकासमोर सहा नंबरच्या खोक्यातून आठ नंबर निघतो.

मग हॉटेलात तीच बाई असं का वागली नाही? मला तरी एकच कारण दिसतं. दुकान बंद होताना डोळ्यांसमोर बंद होतं. शटर, दिवे, खोके, सगळं समोर. हॉटेल मात्र बाहेरून पूर्ण चालू दिसत होतं: दिवे लागलेले, दोन टेबलं जेवणारी, दारात हसणारा वेटर. जे बंद झालं होतं ते आत. आणि सांगणारं कोणी नव्हतं. तिने न विचारण्यात चूक असेल, पण विचारावं असं तिला वाटण्याजोगं काहीच समोर नव्हतं.

कपडे, बूट, पुस्तकं, भांडी या सगळ्या दुकानांना हे लागू पडतं. औषधाचं दुकान वेगळं. तिथे शटर ओढताना आलेल्या माणसाला थांबवून मापं काढू नयेत. पार्सल नेणाऱ्याची गोष्टही थोडी सोपी असते, कारण तो टेबल अडवत नाही, पण किचनला तो तितकाच जड जातो हे विसरू नये.

कुठे काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तात सुटण्याची जागा होती ९.३५ चा फोन. "साडेदहा, सर" हे उत्तर अगदी खरं आणि अगदी निरुपयोगी होतं. विचारणाऱ्याला वेळ जाणून घ्यायची नव्हती, त्याला जेवायचं होतं. "सर, हॉटेल साडेदहापर्यंत आहे, पण ऑर्डर दहापर्यंतच घेतो. किती जण आहात, कधीपर्यंत पोचाल?" एवढं बोललं असतं तर नवऱ्याने एक तर गाडी दुसरीकडे वळवली असती, नाही तर फोनवरच ऑर्डर सांगितली असती. नवऱ्याच्या बाजूनेही तसंच. "किती वाजेपर्यंत चालू" या प्रश्नाऐवजी "आम्ही पाच जण दहा-सव्वादहाला पोचू, जेवण मिळेल का?" असं विचारलं की समोरच्याला खरं उत्तर द्यावंच लागतं.

पुढची जागा दार. नव्या वेटरने "या, या" म्हणण्यात काही वाईट केलं नाही. आलेल्याला हसून आत घे, हेच त्याला शिकवलेलं. दहानंतर दारात कॅप्टनने असायला हवं होतं, आणि गल्ला नंतर मोजला असता तरी चाललं असतं. दारातच सांगायचं: "या. किचन आवरत आलंय, एवढ्या पाच-सहा गोष्टी लगेच देता येतील. पावणेअकराला आम्ही आवरतो. चालेल का?" बसायचं की नाही हे मग मंडळींनी ठरवायचं. आजीआजोबा आणि पोर बरोबर, रात्रीची वेळ, म्हणजे बहुधा बसलेच असते. पण माहीत असून बसले असते.

वर्गात दर वेळी कोणीतरी म्हणतं, दहानंतर सरळ नाही म्हणावं. मला ते पटत नाही. पाटीवर साडेदहा लिहिलं असेल तर १०.०९ ला आलेल्या माणसाला काही ना काही द्यायला तुम्ही बांधील आहात. नको असेल तर पाटी बदला. पाटी गिऱ्हाईक ओढायला एक आणि किचन चालवायला दुसरी, हा दुटप्पीपणा स्टाफच्या अंगावर येतो, मालकाच्या नाही.

मेनूकार्डाची चूक उघड आहे, त्यावर फार बोलायला नको. देता येणार नाही ते दाखवू नये.

बिलाबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. ११.०२ ला बिल आणण्यामागे कारण होतं: कार्ड मशीनचं सेटलमेंट आणि दिवसाचा हिशेब बंद केल्याशिवाय काउंटरचा मुलगा निघू शकत नाही. कारण योग्य, पद्धत वाईट. न बोलता ठेवलेलं फोल्डर म्हणजे "निघा". तेच बिल दोन वाक्यं बोलून आणता आलं असतं: "काका, काउंटर बंद करायचाय म्हणून बिल आत्ता घेतलं तर चालेल का? जेवण तुमचं होऊ द्या." इथे "निवांत जेवा" असं मुलं सवयीने बोलून टाकतात. बोलू नये. निवांत जेवलेलं चालणार नसेल तर "निवांत" म्हणून मग शेजारी पोछा मारणं ही थट्टा होते.

खुर्च्या उलट्या करणं, एसी बंद करणं, भांडी जरा जोरात ठेवणं: या इशाऱ्यांची आपल्या धंद्यात इतकी सवय झाली आहे की ते उद्धट आहेत हेच जाणवत नाही. स्पष्ट सांगणं उर्मट वाटतं म्हणून आपण खुर्च्यांना बोलायला लावतो. गिऱ्हाइकाला मात्र दोन्ही कळतं, आणि खुर्च्यांनी सांगितलेलं जास्त लागतं, कारण त्याला उत्तर देता येत नाही. सासऱ्यांनी नेमका तोच प्रयत्न केला होता. वेटर गप्प राहिला. शिवाय जेवणाऱ्याच्या शेजारी फिनेल वापरणं हे स्वच्छतेच्या हिशेबानेही चूक आहे, आणि ओल्या फरशीवरून म्हातारी माणसं जाणार आहेत याचाही कोणी विचार केला नव्हता.

ती चोवीस मिनिटं

आता गिऱ्हाइकाची बाजू. १०.०९ ते ११.१० पर्यंत त्यांच्या खात्यावर मी फारसं काही टाकत नाही. ११.१० ते ११.३४ मात्र त्यांची. पैसे दिले, ताटं उचलली गेली, आजूबाजूला एकही टेबल नाही, सगळ्या खुर्च्या उलट्या, आणि मंडळी बसून. नंतर मालकाने फोन करून विचारलं तेव्हा सुनेने सांगितलं की मुलगा मांडीवर झोपला होता आणि आजींचे पाय दुखत होते. नवऱ्याने खरं कारण सांगितलं: "त्यांनी इतकी घाई केली की म्हटलं, आता बसतोच."

मला हे कारण समजतं. पण ते कोणावर निघालं बघा. कॅप्टन तोवर निघून गेला होता. पाटी लावणारा मालक घरी होता. त्या चोवीस मिनिटांची शिक्षा नव्या वेटरला आणि मामांना झाली. दोघांनाही जादा वेळेचा एक पैसा मिळत नव्हता, कारण तिथे पगार महिन्यावर होता आणि सुटायची वेळ "काम संपेपर्यंत". "पैसे मोजलेत, बसू आम्ही" हे म्हणणं जेवण होईपर्यंत टिकतं. त्यानंतर जो वेळ चालतो तो बिलात धरलेला नसतो. मुलगा झोपलाय म्हणून पाच मिनिटं लागतील, असं एकदा सांगितलं असतं तर वेटरने बहुधा गाडीपर्यंत पिशव्या नेऊन दिल्या असत्या. असा अनुभव मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. थकलेला माणूस सांगितलेल्या पाच मिनिटांवर चिडत नाही, न सांगितलेल्यांवर चिडतो.

पुढे काय झालं

मालकाने पाटी बदलली: "शेवटची ऑर्डर १०.००, हॉटेल बंद १०.४५." फोन उचलणाऱ्याने ऑर्डरची वेळ आधी सांगायची, असं ठरलं. ९.४५ नंतर एक पानाचं छोटं कार्ड द्यायचं, त्यावर शेफ रोज संध्याकाळी खुणा करून देतो. त्या वेळेनंतर आलेल्यांना मागच्याच बाजूला बसवायचं, म्हणजे पुढची झाडलोट थांबत नाही. शेवटचं टेबल उठेपर्यंत पोछा नाही आणि खुर्च्याही नाहीत. या नियमाला सगळ्यात जास्त विरोध स्टाफनेच केला, कारण त्यामुळे त्यांना दहा-पंधरा मिनिटं उशीर होतो. शेवटी तडजोड झाली: जेवणारे ज्या बाजूला बसलेत ती बाजू सोडून खुर्च्या चालतील, पोछा नाही.

कुटुंबाला मालकाने पुन्हा जेवायला बोलावलं. सुनेने आभार मानले, पण ते आले नाहीत. तक्रारीचा ऑनलाइन मजकूरही त्यांनी काढला नाही, फक्त त्याखाली एक ओळ वाढवली की मालकाने स्वतः फोन करून विचारपूस केली.

दोन गोष्टी तशाच लोंबकळत आहेत. ऑनलाइन नकाशावर आणि पार्सलच्या अ‍ॅपवर अजून साडेदहाच दिसतं. दहाची वेळ टाकली तर रात्रीच्या ऑर्डर कमी होतील अशी मालकाला धास्ती आहे, त्यामुळे १०.२० ला पार्सलची केओटी अधूनमधून येतेच आणि शेफ ती हातात धरून कॅप्टनकडे बघतो. आणि मामा. सकाळी सातचा माल आता दुसरा मुलगा उतरवतो, पण तो मुलगाही आदल्या रात्री बंद करूनच गेलेला असतो. त्यावर मालकाचं म्हणणं आहे की पुढच्या महिन्यात बघू.